दुसऱ्याचं दुखणं विकत घ्यावं का?

चिपळूणजवळच्या गावातून २७ वर्षांच्या एका मुलीचं पत्र आलंय. पाच वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली लग्नं शूट केल्यावर गेल्या वर्षापासून ती स्वतःच्या ऑर्डरी घेते. जवळ कॅननची ८०डी बॉडी, तिच्याबरोबर आलेली १८-१३५ आणि ५० एमएम १.८ या दोन लेन्स, एवढं सामान आहे. तुळशीच्या लग्नानंतरच्या सराईत सात ऑर्डरी पक्क्या झाल्यात. तिला ७०-२०० एफ २.८ हवी आहे, म्हणजे लांबचं जवळ आणणारी, कमी उजेडातही चालणारी मोठी पांढरी झूम लेन्स, पण नवी परवडत नाही. भिशीचे आणि साठवलेले मिळून ६० हजार आहेत.

समोर तीन जुन्या लेन्स आहेत, तिन्ही आयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणाऱ्या), दुसऱ्या आवृत्तीच्या. पहिली ऑनलाइन जाहिरातीतली. विकणारा स्वतःला लष्करातला म्हणवतो, पुण्याहून जम्मूला बदली झाली म्हणून ३८ हजारांत देतोय, पाच हजार टोकन मिळालं की कुरिअर करणार. दुसरी सांगलीतल्या एका स्टुडिओमालकांची. ते धंदा आवरताहेत. ५५ हजार, बिल आहे, खोका नाही, पुढच्या काचेवर ओरखडा आहे. तिसरी मुंबईतल्या दुकानात, ७२ हजार, दुकानाची सहा महिन्यांची वॉरंटी. वडील म्हणतात, "जुनं घेणं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. हप्त्यावर नवी घे." ती विचारते, कोणती घेऊ आणि फसणार नाही हे कसं पाहू? पत्राच्या शेवटी लिहिलंय: "पांढरी लेन्स हातात असली की लोक मुलगी म्हणून बाजूला सारत नाहीत. आणि मला तू म्हणा."

तर तूच म्हणतो. आधी घाईचं काम. त्या जम्मूच्या साहेबांना इसार पाठवू नकोस. पाच हजार तर नाहीच, पाचशेसुद्धा नाही.

त्याच्याकडे लेन्सच नाही असं धरून चाल. गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कँटीनचं कार्ड, "बदली झाली, सामान नेता येत नाही" ही कहाणी आणि बाजारभावाच्या निम्मी किंमत: याच साच्यातून बुलेट, फ्रिज, सोफा सगळं विकून झालंय. ओळखपत्र बऱ्याचदा कुठल्यातरी खऱ्या जवानाचं उचललेलं असतं, म्हणून ते खरं दिसतं. पुढच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. टोकन गेलं की "पार्सल गेटवर अडकलंय, तीन हजार भरा, परत मिळतील." मग एक क्यूआर कोड येतो, "स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील." यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला गेला की समजायचं, पैसे आपल्या खात्यातून बाहेर निघालेत.

मनाला रुखरुख लागत असेल तर त्याला एवढंच सांग: व्हिडिओ कॉल करा, कागदावर माझं नाव आणि आजची तारीख लिहून लेन्सशेजारी धरा, आणि लेन्सवर कोरलेला सिरियल नंबर दाखवा. खऱ्या विकणाऱ्याला हे दोन मिनिटांचं काम आहे. हा मात्र चिडेल आणि "फौजी पे भरोसा नहीं?" असं विचारेल. तुझं पत्र आणि माझं उत्तर यांच्यामध्ये दिवस गेलेत. तेवढ्यात पैसे पाठवून बसली असशील तर लाजू नकोस, आत्ताच १९३० ला फोन कर, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदव आणि बँकेलाही कळव. या तक्रारीत तासांचा हिशेब असतो. पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत कळलं तर ते गोठवता येतात.

आता बाबांचं म्हणणं. जुन्या वस्तूत दुखणं असू शकतं, हे त्यांचं खरं आहे. पण कोकणात शेतीला बैल घेताना कोणी शोरूममधून नवा कोरा आणला नव्हता. दात मोजले, चालवून पाहिला, आधीच्या धन्याची चार घरांत चौकशी केली, मग पैसे दिले. लेन्सलाही दात असतात, ते मोजता येतात. बॉडी जास्त झिजते. तुझ्या ८०डीचं शटर कंपनी एक लाख क्लिकचं सांगते, आणि एका लग्नात दोन-अडीच हजार क्लिक सहज होतात, म्हणजे हिशेब तूच कर. लेन्सला असा आकडा नसतो. नीट सांभाळलेली लेन्स दहा-पंधरा वर्षं बिनतक्रार चालते आणि न सांभाळलेली एका पावसाळ्यात जाते. म्हणून मी लेन्सचं वय नंतर विचारतो, ती राहिली कुठे आणि कोणाकडे हे आधी.

हप्त्याबद्दल बाबांशी एकदा कॅलेंडर समोर ठेवून बोल. तुझं उत्पन्न तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, डोहाळजेवणं आणि वाढदिवस तेवढे. हप्ता मात्र श्रावण-भाद्रपदातही ठरल्या तारखेला येतो. पगारदाराला जे परवडतं ते सराईवर जगणाऱ्याला परवडेलच असं नाही.

आणखी एक गोष्ट विचारतो, रागावू नकोस. तुला कमी पडतंय ते अंतर की उजेड? तुझी बॉडी क्रॉप सेन्सरची आहे, म्हणजे फोटो टिपणारा सेन्सर लहान, त्यामुळे सगळं १.६ पट जवळ दिसतं. त्यावर ७०-२०० लावली की दिसतं ११२ ते ३२० एवढं. गावातल्या मंगल कार्यालयात स्टेजपासून दहा-बारा फुटांवर खुर्च्या सुरू होतात. तिथे ११२ नेसुद्धा नवरा-नवरीची उभी चौकट मांडायला तुला मागे मागे जात पंगतीत शिरावं लागेल. लांबून टिपण्याची सोय तुझ्या १८-१३५ मध्ये आहेच. ती मार खाते उजेडात, कारण १३५ ला तिचं अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, ५.६ च्या पुढे उघडत नाही; हा आकडा लहान तेवढा उजेड जास्त. २.८ ला त्याच्या चौपट उजेड येतो. पण ८५ एमएम १.८ लावलीस तर जवळजवळ दहापट येतो, आणि ती जुनी, चांगल्या अवस्थेतली, तुझ्या बजेटच्या तिसऱ्या हिश्शात बसायला हरकत नाही. वजन सव्वाचारशे ग्रॅम. ७०-२०० जवळजवळ दीड किलोची आहे. हळदीपासून वरातीपर्यंत ती गळ्यात घालून उभं राहिल्यावर रात्री मान काय म्हणते, तेही धरायला हवं.

तुझ्या गुरूंकडे ७०-२०० होती, म्हणून "लग्नाला तीच लागते" हे मनात बसलं असेल. त्यांची बॉडी फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची होती का, आठवून बघ.

पण त्या पांढऱ्या लेन्सच्या ओळीला मी हसणार नाही. या धंदेवाल्यांनी आपापसात कितीही म्हटलं की फोटो डोक्याने निघतो, तरी नवरदेवाचा काका हातातलं सामान बघूनच "बाजूला व्हा" म्हणतो की "या, पुढे या" म्हणतो हे ठरवतो. मुलीला तर ते दुप्पट भोगावं लागतं. हे खर्चाचं खरं कारण आहे. फक्त ते कारण उजेडाच्या नावाखाली खपवू नकोस, स्वतःशीसुद्धा. पहिल्या दोन लग्नांना ७०-२०० भाड्याने आण. पुण्यात दिवसावर मिळतात, ओळखपत्र आणि अनामत ठेवावी लागते. दोन लग्नांनंतर कार्डातले फोटो उघड आणि किती या लेन्सचे, किती तुझ्या ५० चे, हे मोज. ती मोजणी माझ्यापेक्षा चांगला सल्ला देईल.

आणि तरीही घ्यायचीच असेल, तर सांगली.

ओरखड्याला घाबरू नकोस. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा फोटोत सहसा दिसत नाही, फार तर समोरून दिवा आल्यावर थोडी चमक वाढते. मागच्या काचेवर असता तर मीच नको म्हटलं असतं. त्या ओरखड्याचा उपयोग भाव करायला कर. खोका नसला तरी बिघडत नाही. बिल आहे ना, त्यावर सिरियल नंबर असेल तर लेन्सवरच्या नंबराशी ताडून बघ. लेन्सवर "II" छापलेलं आहे हेही डोळ्यांनी बघ. पहिली आवृत्ती २००१ ची, दुसरी २०१० ची. फोटोत दोघी बहिणी दिसतात, किमतीत मात्र बराच फरक आहे.

मला काळजी आहे ती वेगळीच. स्टुडिओ सांगलीत कुठे आहे? २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये काय झालं ते तू डोळ्यांनी पाहिलंयस, दुकानातला माल नंतर कसा पुसूनपासून पुन्हा मांडला गेला तेही. पुरात बुडालेली लेन्स वरून पुसली की छान दिसते. आतला ओलावा आणि गाळ राहतो. म्हणून सरळ विचार, "काका, पुरात दुकानात पाणी आलं होतं का? लेन्स तेव्हा कुठे होती?" ज्याच्या मनात काही नाही तो माणूस तासभर पुराच्याच गोष्टी सांगेल. उत्तर तुटक आलं तर झूमची रिंग कानाजवळ धरून फिरव. रेती असेल तर करकरते. स्क्रूंच्या खाचांत गंज आहे का, माउंटवरचे, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या कड्यावरचे, पितळी ठिपके काळवंडलेत का, तेही बघ.

बुरशीच्या बाबतीत मी स्वतः पोळलोय. वीसेक वर्षांपूर्वी मुंबईच्या एका दुकानातून संध्याकाळी सात वाजता, ट्यूबलाइटच्या उजेडात मी टेलिफोटो घेतली. काच लखलखीत होती, दुकानदार चहा पाजत होता. सकाळी गॅलरीत उन्हासमोर धरली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. दुकानदार म्हणाला, "काल नव्हते." खरं तर काल माझ्याकडे टॉर्च नव्हता. फंगस काचेवरचं कोटिंग खाते. वेळेत साफ केली तर निभावतं, पण कोटिंगवर डाग उमटले की ते काही जात नाहीत.

त्यामुळे सकाळी पोचशील असं निघ. कुंभार्ली घाटातून कराडमार्गे जाशील, तर पहाटेच निघावं लागेल. बरोबर कोणीतरी घे, आणि भेट स्टुडिओतच ठरव. स्वतःची ८०डी, रिकामं कार्ड, भरलेली बॅटरी, एक लहान टॉर्च आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र, एवढं पुरे. ट्रायपॉड स्टुडिओत असेलच.

दोन्ही झाकणं काढ, खोलीत थोडा अंधार कर आणि टॉर्च मागून तिरका मारून पुढून बघ. मग उलट. धुळीचे सुटे कण दिसतील, ते प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात, सोडून दे. तंतू, फांद्या, जाळी दिसली तर फंगस. सगळीकडे दुधाळ धुकं दिसलं तर हेझ. काचेच्या कडेला इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसले तर चिकटवलेल्या काचा सुटताहेत. या तिन्हींपैकी काहीही असेल तर चहा पिऊन नमस्कार करून निघ, भाव कमी केला तरी. लेन्स चामड्याच्या केसमध्ये ठेवलेली असेल तर आणखी बारकाईने बघ, चामडं ओल धरतं. फिल्टर लावायच्या कड्याला पोचा असेल तर लेन्स पडलेली आहे. हलवल्यावर आतून किंचित खडखड येईल, ती आयएसची असते, घाबरू नकोस.

मग बॉडीवर लाव. वर्तमानपत्र भिंतीला सपाट चिकटव, कॅमेरा त्याच्याशी अगदी समांतर ठेव, आणि ७०, १३५, २०० ला पूर्ण उघड्या अॅपर्चरवर फोटो काढ. स्क्रीनवर मोठं करून चारही कोपरे वाच. चारही सारखे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. तीन कोपऱ्यांतली अक्षरं वाचता येतात आणि चौथ्यात बातमी विरघळते, असं झालं तर आतली काच तिरकी झाली आहे, बहुतेक पडल्यामुळे, आणि ते गावातल्या दुरुस्तीवाल्याचं काम नाही. सगळीकडेच फोकस थोडा पुढे किंवा मागे बसत असेल तर मात्र नाही म्हणू नकोस. ८०डीमध्ये तो मेनूतून जुळवता येतो.

अॅपर्चर १६ वर ठेवून दहा-बारा फोटो पटापट काढ. उजेड सगळ्यांत सारखा यायला हवा. मधेच एखादा पांढराफटक आला, किंवा कॅमेऱ्यावर एरर ०१ उमटली तर आधी माउंटवरचे ठिपके कोरड्या कापडाने पुसून पुन्हा बघ. तरीही आली तर अॅपर्चरच्या पात्यांची यंत्रणा किंवा तिची केबल दगा देतेय. मग रस्त्यावर जा, येणाऱ्या स्कूटरवर सर्वो फोकस, म्हणजे हलत्या वस्तूमागे जाणारा फोकस, धरून ठेव. मोटर किणकिणतेय का, अडकतेय का, ऐक. शेवटी २०० ला, सेकंदाच्या तिसाव्या भागावर, आयएस चालू आणि बंद करून फोटो काढ. फरक नजरेत भरायला हवा. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास जाईल. काका स्वतः फोटोग्राफर आहेत, त्यांना कौतुकच वाटेल. अस्वस्थ झाले तर तेही एक उत्तरच.

पटलं तर पैसे खात्यावर दे, रोख नको. साध्या कागदावर विक्रीची पावती लिहून घे: लेन्सचं नाव, सिरियल नंबर, रक्कम, तारीख, "वस्तू माझ्या मालकीची आहे" हे वाक्य, दोघांच्या सह्या, त्यांच्या ओळखपत्राची प्रत. हे अविश्वासाचं नाही. चोरीची वस्तू चोरीची आहे असं वाटायला जागा असूनही घेतली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही अडकतो. तो कागद तुला वाचवेल, उद्या लेन्स विकायला निघालीस तर भावही देईल. हूड आणि ट्रायपॉडचं कडं त्यातच मागून घे, वेगळी घ्यायला गेलीस तर ती स्वस्त पडत नाहीत.

दुकानाचे १७ हजार जास्त कशाचे, हेही विचार. "सहा महिने वॉरंटी" म्हणजे काय, ते पावतीवर लिहून मागायचं: मोटर गेली तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, फंगस निघाली तर परत घेणार का, किती दिवसांत. लिहून दिलं तर ते १७ हजार विम्यासारखे आहेत, आणि काही जणांनी ते द्यावेत असं माझं मत आहे. लांब राहणाऱ्या, सामान पारखायची सवय नसलेल्या माणसाने तर नक्की. तुला पाच वर्षांची सवय आहे, आणि ते तुझ्या ६० हजारांच्या बाहेरही जातंय. मुंबईला गेलीसच तर फोर्टात बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं शेजारी शेजारी आहेत, एकाच सकाळी तीन-चार ठिकाणी भाव आणि तोंड दोन्ही बघून होतं. टॉर्च तिथेही बाहेर काढायचा.

भावाचं एक. कॅननने २०१८ मध्ये मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी आरएफ माउंट आणला, तेव्हापासून बरेच जण तिकडे वळताहेत आणि त्यांच्या ईएफ, म्हणजे तुझ्या ८०डीला बसणाऱ्या लेन्स बाजारात येताहेत. उद्या तू मिररलेस घेतलीस तर हीच लेन्स अडॅप्टरवर ऑटोफोकससकट चालेल. म्हणजे ही हातची गेली तर दुसरी येईल. "आज दुसरं गिऱ्हाईक येतंय" हे ऐकून निर्णय घेऊ नकोस.

हे वाचणारे निकॉनवाले असतील तर एक जास्तीची सूचना. जुन्या एएफ-डी लेन्स स्वस्त मिळतात, पण त्यांना स्वतःची मोटर नसते. डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीवर त्या ऑटोफोकस करत नाहीत, एफटीझेड अडॅप्टर लावून निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीवरही नाही. बॉडी घेणाऱ्यांनी निकॉनच्या कुठल्याही मूळ फोटोफाइलमधून शटरचा आकडा काढून घ्यावा, कॅननमध्ये तो सहसा फाइलमध्ये नसतो, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. जुन्या बॅटऱ्या आणि मेमरी कार्डं फुकट दिली तरी लग्नाला वापरू नयेत.

लेन्स घरी आली की कोकणातला पावसाळा तिची वाट बघत असेल. ड्राय कॅबिनेट घेता आलं तर उत्तम, नाहीतर घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की भाजून पुन्हा वापरता येतात, पण आईच्या कढईत भाजू नकोस, त्या दाण्यांत कोबाल्ट असतं. आणि चातुर्मासात काम नाही म्हणून डबा चार महिने बंद ठेवू नकोस. आठवड्यातून एकदा लेन्स काढ, उजेडात फिरव, चार फोटो काढ.

सांगलीला जाऊन आलीस की काय ठरलं ते कळव. फोटो पाठवणार असशील तर लेन्सचा नको, वर्तमानपत्राच्या चार कोपऱ्यांचा पाठव.